बाकीचे किती?

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सतराव्या पानावर एक फोटो आहे. शाळेच्या कॅफेटेरियात लांब टेबलांमागे उभी असलेली दहा-बारा माणसं, हातात कागदी ताटल्या. खाली ओळ छापली आहे: ‘डावीकडून डॉ. दातार, श्री. फडणीस, श्री. व सौ. चिटणीस आणि बाकीचे.’ या बाकीच्यांत अगदी उजव्या टोकाला तपकिरी कॉर्डरॉयच्या कोटातले एक गृहस्थ उभे आहेत. त्यांच्या खिशाला चार रंगांचं बॉलपेन आहे. ते कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. मान थोडी वळवून ते फोटोतली माणसं मोजत आहेत, हे मला ठाऊक आहे.

ते रामटेके सर. ज्या मंडळाला त्यांनी मोजायला शिकवायचा प्रयत्न केला, त्याच मंडळाला पंचवीस वर्षांनी त्यांचं नावही आठवलं नाही, म्हणून स्मरणिका हातात घेतली तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. संपादकांना फोन करायला उठलेही. मग रिसीव्हर परत ठेवला. कारण सरांसाठी ‘बाकीचे’ हा शब्द मंडळाच्या कागदावर पहिल्यांदा वापरला तो मीच.

अमेरिकेत पार्सिपनीला आम्ही आलो तेव्हा मला इंग्रजी वाचता येत होतं, बोलता येत नव्हतं. मी जिंतूरची. वडील शिवणकाम करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी.चं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी कौंटी कॉलेजात गेले आणि चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. शिकवायला आलेले गृहस्थ आपल्याकडचे निघाले. हजेरी घेताना एक मुलगा त्यांना ‘डॉक्टर राम’ म्हणाला, तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला. ते म्हणाले, माझ्या नावात चार अक्षरं आहेत, तुम्ही दोनच घेतलीत, उरलेल्या दोघांनी काय केलंय? मग अख्ख्या वर्गाकडून रा-म-टे-के असं तीनदा म्हणवून घेतलं.

दुसऱ्या का तिसऱ्या आठवड्यात ते वर्तमानपत्राचं एक कात्रण घेऊन आले. भाषा कुणालाच कळेना. डेन्मार्कमध्ये नुकतीच निवडणूक झाली होती आणि कात्रणात सगळ्या पक्षांच्या मतांचा तक्ता होता. शेवटचा रकाना, म्हणजे कुणाला किती जागा, तो सरांनी कात्रीनं कापून टाकला होता. तो आम्ही भरायचा.

त्यांनी सांगितलं ते असं. देशात पावणेदोनशे जागा आहेत. एकूण मतांना पावणेदोनशेनं भागा, म्हणजे एका जागेला किती मतं लागतात ते कळेल. त्या आकड्यानं प्रत्येक पक्षाच्या मतांना भागा. भागाकार येईल तेवढ्या जागा त्या पक्षाच्या. काही जागा शिल्लक राहतील आणि प्रत्येक पक्षाजवळ थोडी थोडी बाकी राहील. ज्याची बाकी मोठी, त्याला शिल्लकेतली जागा आधी.

मुलांनी कॅल्क्युलेटर काढले. सर म्हणाले, मशीन नको, मशीन बाकी दाखवत नाही, पॉइंटच्या पुढचं शेपूट दाखवतं. हातानं भागाकार कुणालाच जमेना. सरांनी माझं नाव पाहिलं आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, “कुठल्या तुम्ही?”

“जिंतूर.”

“मराठी शाळा?”

“हो. जिल्हा परिषदेची.”

“मग भागाकार पक्का असेल. या बोर्डावर.”

मी गेले. भाज्य, भाजक, खाली उतरवलेले आकडे आणि तळाशी बाकी. त्या वर्गात माझ्या तोंडून तोवर एक वाक्य निघालं नव्हतं, पण अर्धा फळा भरला. पुढच्या बाकावर टोनी नावाचा एक दांडगा फायरमन बसायचा, तो हातावर हात ठेवून पाहत राहिला. सगळ्या जागा वाटून झाल्यावर सरांनी खिशातून कापलेला रकाना काढून माझ्या आकड्यांशेजारी धरला. एक जागा चुकीच्या पक्षाकडे गेली होती. ते म्हणाले, ठीक आहे, पण तो कुणाचा माणूस घरी पाठवलात ते पाहा आणि त्याला परत आणा.

तेव्हा टोनीनं विचारलं, एवढी यातायात कशाला? आमच्याकडे ज्याला जास्त मतं तो जिंकला, दुसरा हरला, संपलं.

सर म्हणाले, “हरला तो उमेदवार. मत देणारा कसा हरतो?”

टोनीनं ते वाक्य वहीच्या कव्हरवर लिहून घेतलं.

ही कात्रणं सरांना कोण पाठवायचं ते मला पुढे कळलं. अमेरिकेत येण्याआधी दोन वर्षं सर डेन्मार्कमध्ये ऑरहूस नावाच्या गावी शिकत होते आणि फ्रू येन्सन नावाच्या विधवा बाईंच्या घरी भाड्यानं राहत होते. फ्रू म्हणजे तिकडचं श्रीमती. बाईंचा पक्ष अगदी लहान होता. सर म्हणायचे, त्या बाईच्या गल्लीत त्या पक्षाला मत देणारी ती एकटी असेल. पण त्र्याहत्तरच्या निवडणुकीत त्या पक्षाची मूठभर माणसं पार्लमेंटात गेली. घरापुढच्या वळणावर सायकली घसरतात म्हणून बाईंनी त्यांतल्या एकाला पत्र लिहिलं. त्याचं सहीनिशी उत्तर आलं. वळण दुरुस्त झालं की नाही हे सर कधी सांगत नसत. मी एकदा मुद्दाम विचारलं तर म्हणाले, “ते महत्त्वाचं नाही नं. त्या बाईचा एक माणूस आत होता.”

ज्या वस्तीतून सर आले होते, तिथल्या कुणाचा माणूस कुठंही आत नव्हता. नागपूरजवळच्या एका विणकरांच्या वस्तीत त्यांचं बालपण गेलं. त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले होते की शाळेत मास्तर हजेरी घेताना पोरांची नावं वाचत आणि आमच्या बाकाशी आले की पट मिटून म्हणत, बाकीचे आले आहेत ना. बाकीचे म्हणजे आम्ही सहा. हे सांगताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं. तिथल्या तिथे ते उठले आणि खिडकी लावून आले.

मोजायची त्यांना सवय होती म्हणावं तर तेवढंच नव्हतं. त्यांच्याशी बोलताना ‘सगळे’, ‘बरेच’, ‘लोक’ असे शब्द जपून वापरावे लागत. कुणी म्हणालं, सगळ्यांना पटलंय, की ते चार रंगांचं पेन काढायचे. सगळे म्हणजे किती? त्यांच्या घरी जेवायला गेलं की त्यांच्या पत्नी सुमनताई आधीच बजावायच्या, बाई, ‘थोडं वाढा’ म्हणू नका, ते चमचे विचारतील. एकदा त्यांच्याकडे चार कुटुंबं जेवायला होती आणि बटाटेवडे उरले अकरा. कुठल्या घरातली माणसं किती, यावरून सरांनी पेपर नॅपकिनवर भागाकार मांडला. मोठी बाकी निघाली ती तिघांच्या घराची, म्हणजे आमची. शेवटचा वडा आम्हाला मिळाला. माझ्या नवऱ्याला आणखी एक हवा होता. सर म्हणाले, तुमची बाकी संपली.

पोरांना ही गंमत फार आवडायची. मोठ्यांना आवडायची नाही. मंडळात त्यांना पाठीमागे ‘कॅल्क्युलेटर’ म्हणत. मंडळाचे अध्यक्ष डॉ. दातार तर तोंडावर म्हणत, “काय सर, आज किती शिंका आल्या?” आणि सर शांतपणे सांगत, “दोन.”

चौऱ्याऐंशीच्या शेवटी मात्र त्यांना शांत राहणं जड गेलं. नोव्हेंबरात इथली अध्यक्षीय निवडणूक झाली. दहातल्या चौघांनी हरलेल्या उमेदवाराला मतं दिली होती आणि त्यांच्या वाट्याला एक राज्य आणि राजधानीचं शहर आलं. डिसेंबरात भारतात लोकसभेची झाली. एका पक्षाला निम्म्याहून किंचित कमी मतं मिळाली आणि तीन चतुर्थांशांहून जास्त जागा. सरांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही देशांची वर्तमानपत्रं शेजारी शेजारी होती. सर म्हणाले, “जगातल्या दोन सगळ्यात मोठ्या लोकशाह्या आहेत म्हणून राहिले. आणि दोघींनाही भागाकार येत नाही, काऊन?” सुमनताईंनी ती वर्तमानपत्रं उचलून त्यावर कोथिंबीर निवडली.

आता मंडळाची गोष्ट.

आमची कार्यकारिणी नऊ जणांची. निवडणुकीत प्रत्येक सभासदाला नऊ मतं असत. ऐकायला छान वाटतं. पण पुण्या-मुंबईकडच्या मंडळींचं एक पॅनेल असायचं, त्यांची संख्या जास्त. ते सगळे आपली नऊच्या नऊ मतं आपल्याच नऊ जणांना देत आणि नऊच्या नऊ जागा त्यांच्याच होत. विदर्भाकडची आणि बौद्ध कुटुंबं पाचात एक तरी होती. वर्गणी सगळ्यांची सारखी. पण त्यांच्यातला एकही माणूस कधी कार्यकारिणीत आला नाही. मी आले, कारण मला टाइप करता येत होतं आणि पॅनेलला सेक्रेटरी हवी होती. तेव्हापासून सर मला ‘सेक्रेटरीबाई’ म्हणू लागले. त्यात थोडा टोमणा होता, थोडं कौतुक होतं. कुठलं किती, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

सरांची मागणी एकच होती. एप्रिलमधला एक रविवार, शाळेचं सभागृह, चौदा एप्रिलची जयंती. गणपती होतो, कोजागरी होते, संक्रांत होते. तसा हाही मंडळाचा कार्यक्रम व्हावा. दर वर्षी ते अर्ज देत. दर वर्षी कार्यकारिणी म्हणे, यंदाच्या वेळापत्रकात बसत नाही. एका वर्षी त्या रविवारी आम्ही ब्रिजची स्पर्धा ठेवली. ते वेळापत्रक मीच टाइप केलं होतं.

सर कधी अपमान झाल्यासारखे वागले नाहीत. ते म्हणायचे, दातार डॉक्टर वाईट माणूस नाही, त्यांच्या टेबलाशी आमचा कुणी नाही, एवढंच. आणि ते खरंही होतं. नवख्या कुटुंबाला स्वतः विमानतळावरून आणणारे, रात्री-अपरात्री कुणाच्याही मुलाला तपासायला जाणारे दातार डॉक्टर मी पाहिले आहेत. म्हणून तर मला अजून संताप येतो. दुष्ट माणसाकडून झालं असतं तर एवढं लागलं नसतं.

सत्त्याऐंशीच्या सप्टेंबरात डेन्मार्कला पुन्हा निवडणूक झाली. फ्रू येन्सनचं कात्रण आलं, सोबत चार ओळींचं पत्र. सरांनी ते मला वाचायला दिलं. तिथं नियम असा आहे की देशभरात दोन टक्के मतं मिळाली नाहीत तर पक्षाला आत घेत नाहीत. त्याला ते उंबरठाच म्हणतात. बाईंचा पक्ष आता फार खाली गेला होता. बाईंनी लिहिलं होतं, आम्ही याही वेळी उंबरठ्याच्या बाहेर राहिलो. पण तळाच्या ओळीत पाहा, आमचा आकडा छापला आहे. शेवटच्या मतापर्यंत. त्या ओळीला त्यांनी पेन्सिलीनं खूण केली होती.

सरांनी त्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “तिथं उंबरठासुद्धा मोजून ठेवतात. किती उंच आहे ते लिहिलेलं असतं.”

त्यानंतर त्यांनी ठराव लिहायला घेतला. मंडळाची निवडणूक प्रमाणशीर पद्धतीनं व्हावी, ज्या गटाची जितकी मतं तितक्या त्याच्या जागा. त्यांची मुलगी करुणा तेव्हा सातवीत होती, इथंच जन्मलेली. ती वैतागून म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट अ पॉटलक क्लब.” पॉटलक म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून केलेलं जेवण. सर म्हणाले, “असेल. मग नवातली एक खुर्ची द्यायला त्यांना एवढं जड का जातं, ते सांग.” ती सभेला मात्र आली, आणि मागच्या भिंतीशी उभी राहिली.

सभा जूनमध्ये होती, शाळेच्या कॅफेटेरियात, जेवणाआधी. सरांनी घरून घडीचा फळा आणला होता. दहा मिनिटांत त्यांनी सगळं समजावलं. मला आठवतं ते असं की त्या दिवशी त्यांनी एकदाही ‘आम्ही’ म्हटलं नाही. ते अ गट, ब गट असंच म्हणत राहिले.

दातार डॉक्टर हसत उठले. म्हणाले, “सर, तुमच्या डेन्मार्कमध्ये सप्टेंबरात निवडणूक झाली आणि या मे महिन्यात परत झाली. आठ महिन्यांत. आपल्याला दर आठ महिन्यांनी गणपतीची कमिटी बदलायचीय का?”

सगळे हसले. सगळे म्हणजे किती, ते मी मोजलं नाही.

“झाली की,” सर म्हणाले. “आणि दोन्ही वेळा प्रत्येकाचं मत मोजलं.”

मग डॉक्टरांनी आवाज खाली आणला. ते मनापासून बोलत होते, हे मला आजही कबूल करावं लागतं. एवढ्या उठाठेवीची गरजच काय, आम्ही तुम्हाला असंच घेतो. कार्यकारिणीवर निमंत्रित सदस्य म्हणून. या, बसा, बोला. मतदानाचा अधिकार तेवढा नसेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणूस मोठ्या मनाचा आहे, असं माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं.

सर फळ्यावरचे आकडे पुसत होते. डस्टर खाली ठेवून ते म्हणाले, “निमंत्रित लग्नाला असतात, डॉक्टर. मला बोलावू नका. आमची मतं मोजा. येत असेन तर निवडून येईन.”

त्या एका वाक्यात ते पहिल्यांदा ‘आमची’ म्हणाले.

टाळ्या थांबल्या. डॉक्टरांचा चेहरा पडला, मग लाल झाला. ठराव मताला टाकतो, म्हणाले. विरुद्ध असणाऱ्यांनी हात वर करा. हातांचं रान उभं राहिलं. मी टेबलाटेबलांतून फिरून मोजलं: एकशे अडतीस. हा आकडा मी वहीत लिहीत होते तेवढ्यात मागच्या बाजूला, कॉफीच्या भांड्याकडे, कुणी न सांगता ठरावाच्या बाजूचे हात वर झालेले मला दिसले. मी पेन उचललं. डॉक्टर म्हणाले, “राहू दे हो, स्पष्टच आहे. जेवण गार होतंय.” आणि खुर्च्या सरकल्या.

मी मोजलं नाही. मला मोजता येत होतं. अख्ख्या सभेत भागाकारासाठी फळ्यापुढे उभी राहिलेली बाई मी एकटी असेन. पण अध्यक्ष राहू दे म्हणाले आणि मी वही मिटली. प्रत्येकाला त्याच्या प्रमाणात जागा मिळावी की नाही, हे बाजूचे हात न मोजताच बहुमतानं ठरलं, आणि मग आम्ही मसालेभात खाल्ला. स्मरणिकेतला फोटो त्या जेवणाचा आहे.

इतिवृत्त मी दोन आठवड्यांनी टाइप करून घरोघर पाठवलं. त्यातलं वाक्य: ‘ठरावाच्या विरुद्ध १३८ मते पडली. बाजूने श्री. रामटेके व बाकीचे काही सभासद होते. ठराव प्रचंड बहुमताने नामंजूर.’

फोन आला. सर म्हणाले, “सेक्रेटरीबाई, बाकीचे काही म्हणजे किती?”

मी म्हणाले, सर, मोजायला सांगितलं नाही.

“ठराव पडला, ते ठीक आहे. पडणारच होता. पण हात वर होते नं?”

हो म्हणाले.

“मग ते हात गेले कुठं?”

त्यांनी हळूच फोन ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं.

त्या उन्हाळ्यात सर घरोघर फिरले. त्यांची जुनी स्टेशन वॅगन होती, तिचं उजवीकडचं दार फक्त आतून उघडायचं. ती घेऊन पार्सिपनी झालं, एडिसन झालं, खाली वेस्ट विंडसरपर्यंत गेले. सभेला आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न: तुम्ही हात वर केला होता का, आणि कुठं बसला होता? केला असेल तर सही. नसेल तर चहा पिऊन उठायचे, मन वळवायचा प्रयत्न करायचे नाहीत. झालेल्या मतदानाची मोजणी चालली होती, प्रचार नव्हे, असं ते म्हणत. लोकांनी चेष्टा केली. एका घरात म्हणे त्यांना ‘जनगणनेवाले आले’ असं म्हणून दार उघडलं. त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. जनगणना हे चांगलं काम आहे, म्हणाले.

ऑगस्टच्या शेवटी ते आमच्या घरी आले. आमचं घर त्यांनी सर्वांत शेवटी ठेवलं होतं. टेबलावर त्यांनी यादी उलगडली. त्रेचाळीस सह्या. नुसते विदर्भाकडचेच नव्हते. दोन तर पॅनेलवाल्यांच्या घरचे होते. आणि एकोणिसाव्या ओळीत सही होती खुद्द दातार काकूंची. त्या वाढायला मागे उभ्या होत्या. सर म्हणाले, त्यांच्या हातात पळी होती, त्यांनी पळीसकट हात वर केला. हे नाव मी आजवर कुठं बोलले नाही. काकू आता नाहीत, म्हणून लिहिते.

यादीखाली सरांनी भागाकार मांडला होता. एकशे अडतीस आणि त्रेचाळीस मिळून एकशे एक्क्याऐंशी. भागिले नऊ. एका जागेला वीस मतं आणि थोडी. त्यांचे सहा, आमचे दोन. नववी जागा शिल्लक. त्या जागेशेजारी लाल शाईत लिहिलं होतं: बाकी त्यांची मोठी, जागा त्यांची. सात आणि दोन.

तेव्हा मला कळलं की मी काय केलं होतं. माझ्या वहीत तो एक आकडा असता, तर मंडळातल्या चौथीच्या पोरालाही हा भागाकार करता आला असता. ‘बाकीचे’ म्हटलं की भागायला काही उरतच नाही.

सरांनी विचारलं, “तुमचा हात कुठं होता?”

“लिहीत होता,” मी म्हणाले. “पण सर, मन तुमच्याच बाजूनं होतं. चव्वेचाळीस लिहा. मी सही करते.”

त्यांनी पेनावरची माझी बोटं पाहिली. मग यादीची घडी घातली.

“नाही. त्या दिवशी त्रेचाळीस होते. आकड्यात खोटं घालायचं नाही. आपल्या बाजूचं तर मुळीच नाही.”

सप्टेंबरच्या बैठकीत त्यांनी इतिवृत्तात दुरुस्तीचा अर्ज दिला. नावं दिली नाहीत, फक्त आकडा. डॉक्टर म्हणाले, इतिवृत्त मंजूर झालंय, आता उघडता येत नाही; एवढ्याशा शब्दासाठी सरांनी उन्हाळा घालवला, कमाल आहे. अर्ज दप्तरी दाखल झाला, म्हणजे फाईलमध्ये गेला आणि फाईल कुणाच्या तरी तळघरात. मी त्या रात्री घरी येऊन वहीत समासात ‘४३’ लिहिलं आणि खाली सही केली. पुढच्या वर्षी मला सेक्रेटरी केलं नाही. वही सध्या कुठं आहे, ते कुणालाच सांगता येत नाही. स्मरणिकेचे संपादक म्हणतात, जुनं दप्तर बरंच गहाळ झालंय. बरंच म्हणजे किती, हे त्यांना विचारायला आता सर नाहीत. पुढे ते करुणाजवळ कॅरी नावाच्या गावी गेले आणि तिथेच वारले. मला बातमी महिन्यानं कळली. मंडळाच्या पत्रकात त्या बातमीला तीन ओळी मिळाल्या.

पण मला सर आठवतात ते त्या सभेनंतरच्या एप्रिलमधले. त्यांनी मंडळाकडे अर्जच दिला नाही. टोनी, तो वर्गातला फायरमन, त्यानं आपल्या फायर हाऊसचा हॉल मिळवून दिला. भिंतीवर पाटी होती, एका वेळी आत दोनशे माणसांपेक्षा जास्त नकोत. म्हणून टोनीनं दारात मोजायला आपलं ते हातात धरायचं यंत्र दिलं, अंगठ्यानं कळ दाबली की आकडा पुढे जातो. सर तोच कॉर्डरॉयचा कोट घालून दारात उभे होते. आतून खिरीचा वास येत होता. करुणा माइक तपासत होती, इंग्रजीत.

मी गाडी लावून आले. माझ्यापुढे एक आजीबाई होत्या, त्यांच्या कडेवर बाळ. सरांनी दोनदा कळ दाबली. बाळ झोपलेलं होतं. आजीबाई म्हणाल्या, “याले काऊन मोजता, बाप्पा? याले काही समजते का?” सर म्हणाले, “जागा तर घेते नं.”

मग मी. उशीर झाला, एवढं म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि अंगठा दाबला. खट् असा लहानसा आवाज झाला.

“एकशे सोळा,” ते म्हणाले, आणि माझ्या मागे आलेल्या माणसाकडे वळले.